बिलोलीकर सरांनी दिलेला तिसरा नंबर

आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर कॉलेजच्या विजेत्या फुटबॉल संघांचे फोटो लावले आहेत. ढाल धरलेली मुलं, शेजारी प्राचार्य, संस्थेचे सचिव, आणि मॅचशी काडीचाही संबंध नसलेले दोघे-तिघे कोट घालून पहिल्या रांगेत. ज्यांच्यामुळे ती ढाल आली ते बिलोलीकर सर मात्र एकाही फोटोत नाहीत. नवीन लागलेले प्राध्यापक विचारतात, सर त्या दिवशी रजेवर होते का? रजेवर कशाला असतील! फोटोसाठी हाका मारल्या जात होत्या तेव्हा सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या गोलकीपरला उभं करून त्याचा शर्ट पुढून-मागून तपासत होते.

त्या शर्टाचं पुढे सांगते. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहायला बसलं की जन्म, शिक्षण, पुरस्कार असलं काही डोळ्यांसमोर येत नाही. समोर येतो तो एक उंच, किंचित वाकलेला माणूस. खांद्यावर नॅपकिन, पायात कधीकाळी पांढरे असलेले बूट, आणि तोंडावर नुकताच कुणीतरी उधारीवर माल मागितल्यासारखा भाव. त्या भावाला पहिलं वर्षभर मी घाबरत होते.

मी संख्याशास्त्र शिकवते. फुटबॉलशी माझा संबंध आला तो नियमामुळे. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक मॅडम लागते. बाकीच्या मॅडमांनी सासू, दहावीतली मुलं आणि गुडघे अशी कारणं सांगून आधीच अंग काढून घेतलं होतं. मी सगळ्यांत नवीन, म्हणून माझं नाव लागलं. क्रीडा संचालक बिलोलीकर सर, संघ व्यवस्थापक मी. ऑफसाइड म्हणजे काय हे मला आजही दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही.

पहिल्याच मॅचला मी सरांना शोधत मैदानभर हिंडले. बाकावर नाहीत, मंडपात नाहीत. शेवटी दिसले ते आमच्याच गोलच्या मागे, जाळीला नाक लावून. सगळा आरडाओरडा दुसऱ्या टोकाला चाललेला. मी म्हणाले, "सर, इथून काय दिसणार?"

"सगळं दिसतं की," ते मान न वळवता म्हणाले. "समोरच्यांची तोंडं दिसतात अन आपल्या पोरींच्या पाठी. पाठीवरून कळतं मॅडम कोण घाबरलंय ते. ती डावीकडची बघा. खांदे कानापाशी गेले तिचे."

मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. सरांनी बाटली उचलली आणि मैदानाला अख्खा वळसा घालून पलीकडच्या गोलमागे जाऊन उभे राहिले. मॅच संपली, मुली नाचत आल्या, आणि सरांनी मला विचारलं, "किती झालं?" मला वाटलं थट्टा करून राहिले. तर नाही. आपण केलेला गोल त्यांनी खरंच पाहिला नव्हता.

गोल करणाऱ्यांचं त्यांना कौतुकच नव्हतं. "त्यांना कौतुक करायला गाव बसलंय," म्हणायचे. त्यांचा जीव मागच्या चौघांत, बचावात. सर मूळचे तेलंगणच्या सीमेवरचे, त्यामुळे ऐन धामधुमीत त्यांच्या तोंडून तेलुगू निघायचं. बचावातली मुलगी बॉलवर झेप घ्यायला निघाली की जाळीमागून गर्जना व्हायची, "आगूऽ!" म्हणजे थांब. झेपावू नको, पाय घालू नको, समोरच्याला घाई होऊ दे. मुलींनी तो शब्द इतका उचलला की पुढे वसतिगृहाच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा कुणी मध्ये घुसलं की "आगू, आगू" सुरू व्हायचं. आणि एखादीनं खरंच थांबून, समोरच्या खेळाडूला कोपऱ्यात नेऊन परत फिरवलं, तर सर फक्त एवढंच म्हणायचे, "हां." तेवढ्या एका 'हां'साठी पोरी ढोपरं फोडून घ्यायच्या.

थांबणं कसं शिकवायचं याची त्यांची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. मुखेडच्या बाजाराचा दिवस होता. सर बचावातल्या चौघींना आणि मला घेऊन नांदेडच्या एसटी स्टँडवर गेले. मला वाटलं कुठे गावाला जायचंय. सरांनी सगळ्यांना फलाटावर एका कडेला उभं केलं आणि म्हणाले, "आता मुखेडची गाडी लागंल. नुसतं बघा."

गाडी स्टँडात शिरायच्या आतच गर्दी तिच्यामागं धावत सुटली. खिडक्यांतून रुमाल पडले, पिशव्या पडल्या, एकानं तर पोराच्या पायातला बूट काढून सीटवर फेकला. मग दारात ही रेटारेटी. आत गेल्यावर रुमालवाल्यांची आणि बसलेल्यांची भांडणं जुंपली. सर म्हणाले, "रुमाल टाकला म्हणजे जागा आपली झाली असं वाटतं बगा माणसाला. तुम्हीबी तेच करून राहिल्या. जागेवर उभ्या राहता अन समजता, जागा राखली. तिथं कोणी येऊन बसलं तर काय करणार?" मग त्यांनी एका म्हातारीकडं बोट दाखवलं. ती धावली नव्हती, तिनं काही फेकलंही नव्हतं. दार कुठं येऊन थांबणार हे हेरून ती तिथंच गाठोडं घेऊन उभी राहिली होती, आणि गर्दीनं तिला आपोआप आत लोटलं होतं. "त्या आजीला माझ्या टीममध्ये घेतो मी," सर म्हणाले. इतक्यात कंडक्टरचं आमच्याकडं लक्ष गेलं. "ओ मास्तर, बसायचं का न्हाई? नुसतं काय बघून राहिले?" सर शांतपणे म्हणाले, "आमचा तास चालू हाय." मुली इतक्या हसल्या की दोन गाड्या सुटल्या तरी आम्ही तिथंच.

आता सरांचा जो गुण मी सांगणार आहे, तो लोकांच्या लेखी दोष होता. या माणसाला गोड बोलता येत नव्हतं. रागीट नव्हते, तिरकसही नव्हते. विचारलं की जे दिसलं ते सांगायचे, एवढंच. एका सहकाऱ्यानं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळे "वा वा, काय हवेशीर" म्हणत जेवून गेले. सरांना विचारलं तर म्हणाले, "चांगलं हाय. जिन्यात अंधार हाय, म्हातारं माणूस पडंल." यजमानांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढे त्यांनी जिन्यात खिडकी पाडली, पण सरांना पुन्हा काही बोलावलं नाही.

माझ्याही वाट्याला हा प्रसाद आला आहे. एकदा क्रीडा विभागाची खोली रंगवायला काढली होती म्हणून सर माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर मी हौसेनं विचारलं, "कसं वाटलं सर?" म्हणाले, "विषय तर मला कळला न्हाई. पण मॅडम, तुम्ही फळ्याशी बोलता. पोरं तुमच्या मागं बसलेत." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात शिरले, फळ्याकडे वळले आणि सरांचं वाक्य आठवून परत फिरले. समोर चेहरे होते. इतकी वर्षं ते तिथंच होते. आज मुलं म्हणतात, मॅडमचं शिकवणं समजतं. त्यातलं निम्मं श्रेय सरांचं आहे, आणि हे मी त्यांना ते असताना सांगितलंही. त्यावर ते म्हणाले, "आता बराय. पण शेवटी शेवटी अजून फळ्याकडं वळता."

तर अशा माणसाच्या हाताखालून विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतले तीन विजेते संघ गेले. आमच्या संस्थेची लातूरला आणि नांदेडला, दोन्हीकडे कॉलेजं आहेत. सर उमेदीच्या काळात लातूरला होते, तेव्हाचा पहिला संघ मुलांचा. मग बदलून नांदेडला आले, इथला दुसरा संघ, तोही मुलांचा. आणि तिसरा, ज्याच्यासोबत मी गावोगाव मुरमुऱ्यांचा सुशीला खात हिंडले, तो आमच्या मुलींचा.

लातूरवाले आणि नांदेडवाले माजी खेळाडू वर्षातून एकदा भेटायचे आणि भेटले की भांडायचे: सरांचा सगळ्यांत भक्कम बचाव कोणता, आमचा का तुमचा? लातूरवाले म्हणायचे, आम्ही त्या स्पर्धेत एक गोल खाल्ला नाही. नांदेडवाले म्हणायचे, तुमच्यासमोर होतं कोण? आम्ही तगड्या संघांशी खेळलो. सरांना विचारलं की ते म्हणायचे, "विचार करून सांगतो," आणि चहा प्यायचे.

मी माझ्या विषयाच्या तोऱ्यात एकदा म्हणाले, "यात विचार कसला सर? कुणी किती गोल खाल्ले ते काढा, उत्तर समोर येईल."

"गोल किती खाल्ले ते पेपरवाल्याला विचारा," सर म्हणाले. "बचाव कसा होता ते गोलीच्या शर्टाला विचारा." आणि तेव्हा मला त्या शर्टाचा उलगडा झाला. बचाव चांगला असेल तर गोलकीपरला लोळायची वेळ येत नाही. झेपा घेऊन, चिखलात माखून ज्यानं गोल वाचवले त्याचं लोक कौतुक करतात, आणि सरांच्या मते तिथंच त्याच्यापुढच्या चौघांची अब्रू गेलेली असते. त्यातही ते सरसकट हिशेब लावत नसत. लातूरचं मैदान मुरमाचं, तिथं कपडे मळत नाहीत, कोपरापाशी फाटतात. नांदेडचं काळ्या मातीचं, तिथं डाग बोलतो. डाग छातीवर असेल तर गोलकीपर समोरून आलेल्याच्या पायात पडला, म्हणजे मधला बचाव फुटला. कुशीवर असेल तर कडेचा. मी संख्याशास्त्रात पदवी घेतली, पण मोजायचं काय हे आधी ठरवावं लागतं, ते मला या माणसानं सांगितलं.

आता भाग्यश्रीचं. ही आमच्या मुलींच्या बचावातली मधली खेळाडू, सगळ्यांचा कणा. मुखेडची. घरी किराणा दुकान. वडील वीरभद्र आप्पा, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मोजकं. मुलीला फुटबॉल खेळू दिलं, हेच त्यांनी पुष्कळ केलं होतं. बी.ए. झालं, ढाल मिळाली, आणि आप्पांनी सांगितलं, आता पुरे. भाग्यश्रीला मात्र लातूरला जाऊन बी.पी.एड. करायचं होतं. तिला प्रशिक्षक व्हायचं होतं. ती माझ्याकडे येऊन रडली. मी आप्पांना फोन लावला.

आप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही चांगलंच बोलणार. पोरगी तुमची लाडकी हाय. मला एवढंच कळायला पायजे, तिच्यात खरंच काय हाय, का नुसती हौस हाय? ते बिलोलीकर मास्तर खोटं बोलत न्हाईत म्हणतात. त्यांच्या तोंडून ऐकंन. ते म्हणले 'हाय', तर पाठवतो. न्हाई तर तिनं हट्ट धरायचा न्हाई." भाग्यश्रीनं ते कबूल केलं. कॉलेजचा सुवर्ण महोत्सव तोंडावर होता. तिन्ही विजेत्या संघांचा सत्कार ठरला होता. आप्पा म्हणाले, त्याच दिवशी येतो.

मी सरांना हे सगळं सांगितलं. आणि महोत्सवाच्या आदल्या दिवशी पुन्हा जाऊन म्हणाले, "सर, उद्या तिचे वडील येऊन बसणार आहेत. उद्याच्या दिवस जरा गोड बोला. पोरीचं आयुष्य आहे." सर बुटांच्या नाड्या ओवत होते. म्हणाले, "आयुष्य हाय म्हणूनच." मला रात्री नीट झोप लागली नाही.

आपल्याकडचे सत्कार कसे असतात ते सांगायला नको. शाल, नारळ, हार, आणि प्रत्येक माणूस थोर. जिल्ह्यात एवढे थोर लोक असताना रस्ते असे का, हा प्रश्न मला प्रत्येक सत्काराला पडतो. लातूरचे खेळाडू आले होते, आता पोटं सुटलेले, कुणाची डाळमिल, कुणाचं औषधाचं दुकान. नांदेडचे आले होते. आमच्या मुली एकसारख्या साड्या नेसून पहिल्या रांगेत. आप्पा मधल्या रांगेत कडेला, मांडीवर पिशवी घेऊन. सूत्रसंचालकानं शाली वाटून झाल्यावर माईकवरून हसत हसत विचारलं, "सर, आज सगळे जमले आहेत. सांगूनच टाका. या तीन विजेत्या संघांत सर्वांत भक्कम बचाव कोणाचा?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. तिन्ही माझी लेकरं, तिन्ही एक नंबर, टाळ्या, जेवण. सर माईकपाशी आले आणि गप्प उभे राहिले. इतका वेळ की सूत्रसंचालकाला वाटलं माईक बंद पडला, त्यानं टकटक केलं.

"पहिला नंबर लातूर," सर म्हणाले. लातूरवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी हात वर केला. "एक गोल खाल्ला न्हाई म्हणून न्हाई. ही चार पोरं वसतिगृहात एका खोलीत राहायची. एक पुढं गेला की दुसरा न बघता मागं यायचा. त्यांच्या गोलीचा शर्ट मी तपासायचं सोडून दिलं होतं. दुसरा नांदेडच्या पोरांचा. धावायला हे जास्त. पण टाळ्या ऐकू आल्या की ह्यांचे पाय पुढं पळायचे, अन मागं मैदान मोकळं." नांदेडवाले हसले, एकानं कान धरले.

"तिसरा नंबर मुलींचा."

सचिव खाकरले. एका मॅडमनं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. भाग्यश्रीची मान ताठ होती, पण हातातला नारळ तिनं घट्ट धरला होता. आप्पांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

सर थांबले नव्हते. "तिसरा म्हणतो ते ह्या दोघांच्या शेजारी उभं करून म्हणतो. पोरी म्हणून वेगळी रांग लावली न्हाई. माझ्या हाताखालून लई टीम गेल्या, त्यांचं मी नाव घेतलं का आज? कॉर्नर किक आली की ह्या पोरी बॉल बघतात, अन माणूस सोडतात. फायनल त्याच्यामुळंच आपण जवळजवळ हरलो होतो. त्यांची जी मधली हाय, भाग्यश्री, तीबी सोडते. पण तिला थांबता येतं. समोरचा अंगावर येत असताना ती थांबते. लातूरच्या पोरांत दोघांना येत होतं, नांदेडच्यात एकाला. लई खटपट केली, पण ते मी कुणाला शिकवू शकलो न्हाई, ते असावं लागतं. कॉर्नरचं काय, ते शिकवता येतं." एवढं बोलून ते खाली उतरले आणि शाल घडी करून खुर्चीखाली ठेवली.

टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळलं नाही. मग आमच्या मुलींनीच सुरुवात केली. मला वाटलं होतं त्या रुसतील. जेवणाच्या मंडपात आमची गोलकीपर सगळ्यांना सांगत होती, "सरांनी आम्हाला पोरांच्या लाइनीत मोजलं." तिसरा नंबर ती मेडल मिळाल्यासारखा मिरवत होती.

मी मात्र आप्पांना टाळत होते. तेच पत्रावळ हातात घेऊन माझ्यापाशी आले.

"मॅडम, मास्तर तिसरा नंबर म्हणले."

"हो आप्पा, पण त्यांचा अर्थ असा की..."

"मला कळला की अर्थ. आमच्या दुकानात येणारा दरेक एजंट म्हणतो, माल एक नंबर हाय. तेल एक नंबर, चहापत्ती एक नंबर. इतक्या वर्सांत आपला माल तिसरा नंबर हाय म्हणणारा माणूस मी आज पयला बगितला. त्यानं मग जे चांगलं हाय म्हणलं, ते असंलच." आणि ते भाताकडे वळले. जेवण झाल्यावर ते सरांसमोर जाऊन उभे राहिले. "मास्तर, ते कॉर्नरचं शिकंल का ती?"

"शिकंल," सर म्हणाले. "अन दुसऱ्यांनाबी शिकवंल."

"मग जाऊ द्या लातूरला," आप्पा म्हणाले, आणि मुलीकडं न बघताच पिशवी उचलून बसच्या वेळेचं विचारू लागले. भाग्यश्री मांडवाच्या खांबाला धरून रडली. मीही रडले. सर आम्हा दोघींकडे बघून म्हणाले, "आता काय झालं?"

भाग्यश्री लातूरला गेली. बी.पी.एड. झालं, तिथंच एका कॉलेजात लागली, मुलींचा संघ बांधला. सर निवृत्त झाले. माझं त्यांच्याकडे जाणंयेणं राहिलं. चहा प्यायचा, सरांच्या पत्नीच्या, काकूंच्या हातची चकली खायची आणि आपलं काय चुकतंय ते ऐकून यायचं, हा माझा नेम होता. वयाबरोबर आपल्याला खरं सांगणारी माणसं कमी होत जातात. मला एक मिळाला होता आणि तो चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता, हे माझं भाग्य.

मग सरांना छातीचा त्रास झाला. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या दवाखान्यात होते. मी दुपारी भेटायला गेले तेव्हा भाग्यश्री आधीच येऊन बसली होती, सकाळच्या गाडीनं लातूरहून. तिच्या संघानं आदल्या आठवड्यात स्पर्धा जिंकली होती. पेढे आणले होते. सर उशीला टेकून बसले होते, अर्धे झाले होते. नाकात नळी. काकू शेजारी संत्रं सोलत होत्या.

भाग्यश्री फोनवर मॅच दाखवायला गेली. सरांनी थोडा वेळ पाहिलं आणि फोन बाजूला सारला. "ज्यानं हे काढलं तो बॉलच्या मागं फिरतोय. तुझ्या मागच्या चौघी कुठंयत ह्याच्यात? दिसंनात."

"त्या होत्या सर. लई चांगल्या खेळल्या." मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "सर, आमचा बचाव कितवा?"

"मी बगितला न्हाई अजून."

सरांचा श्वास ऐकू येत होता. तिला काय कळलं असेल ते मलाही कळत होतं, लातूरचं मैदान आता सरांना किती लांब आहे ते. तिनं त्यांचा हात धरला. "सर, नुसतं म्हणा ना. चांगला हाय म्हणून. मला तेवढंच पायजे."

काकूंनी संत्रं खाली ठेवलं. "म्हणा की हो," त्या हळूच म्हणाल्या. "लेकरू एवढ्या लांबून आलंय."

सर तिच्याकडे बघत राहिले. इतक्या मायेनं त्यांना कुणाकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. "भाग्यश्री," ते थांबत थांबत म्हणाले, "तुझ्या आप्पांनी माझ्या एका शब्दावर तुला पाठवलं. तो शब्द न बघता देऊ का आता?"

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली, नाही म्हणून.

"मग? पुढची मॅच कधी हाय तुझी?"

"रविवारी, सर."

"लातूरची पयली गाडी कितीला सुटते?" त्यांनी मला विचारलं. काकू ओरडल्या, "अहो, डॉक्टरनं उठायला सांगितलंय का? अन बूट घरी राहिलेत तुमचे."

"चपला हायत की," सर म्हणाले. एका हातानं नळी सांभाळत ते कॉटच्या कडेला सरकले होते आणि खाली न बघता, पायानंच चपला चाचपडत होते. एक सापडली होती, दुसरीसाठी पाय फरशीवर फिरत होता.